चौसष्टचं कार्ड

भाचीच्या लग्नासाठी मी तळोद्याच्या बाजारातून मोबाइलला चौसष्ट जीबीचं मेमरी कार्ड आणलं. घरात मीच एकटा मास्तर आणि मीच एकटा बिनलग्नाचा, त्यामुळे शूटिंगचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. हळदीला मायने तिचं ते गाणं म्हटलं. ते आता गावात तिच्याशिवाय कोणालाच पूर्ण येत नाही. ते टिपलं. मग वरात, पंगत, रुसलेले व्याही, काहीच सोडलं नाही. तासातासाला उरलेली जागा बघायची आणि कोणी विचारलेलं नसतानाही सांगायचं, "आजून चाळीस जीबी खाली शे."

तिसऱ्या दिवशी मायला गाणं ऐकवायला गेलो. फाइल होती, आकारही बरोबर होता, पण उघडेना.

मोबाइल दुरुस्तीवाल्याने कार्ड तपासलं. "सर, हाई आठनं शे. वर चौसष्ट लिखेल शे."

म्हणजे मोबाइल बिचारा कार्डाने सांगितलेला आकडा खरा धरून वजाबाकी करत होता. आठ भरल्यावर नवं चित्रण जुन्यावर चढत गेलं. मायच्या गाण्यावर व्याही बसले. पोरांना जन्मभर ताळा करून बघायला शिकवणारा मी, मला माझीच चीड आली.

मायने ऐकून घेतलं. "कणगीवर लिखेल वाचीसन कोनी दाना मोजस का? भरीसन दख."

दुसरं कार्ड आणलं. एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा कॉपी करून ते गच्च भरलं आणि मग अगदी पहिली कॉपी लावून पाहिली. अख्खी दुपार गेली, पण ती चालली. सगळं पुसून मायसमोर मोबाइल धरला, तर ती हळदीसाठी अडून बसली.

"हयद लावाशिवाय हाई गानं म्हनतस नही."

"आते हयद कोनले लावानी?"

"तू बठ पाटवर."

सेहेचाळीस वर्षांचा मी पाटावर बसलो. दोन्ही गाल पिवळे, हातात मोबाइल. शेजारच्या बायका दारात तोंडाला पदर लावून हसत होत्या, मीही हसत होतो.

या गाण्यात जागोजागी नवरदेवाचं नाव घालावं लागतं, आणि माझं नाव चालीत बसायला अवघड आहे. माय एकदाही अडखळली नाही. तेव्हा कळलं, ती हे गाणं माझं नाव घालून कितीतरी वर्षं मनातल्या मनात म्हणत आली होती. उरलेली जागा बघायची त्या दिवशी मला आठवणच झाली नाही.