गैरहजेरीचा रकाना

माणूस जिथे राहतो तिथलाच होऊन जातो, असं जाणती माणसं सांगत आली आहेत. कॅनडाचं सरकार इतकं भाबडं नाही. कायमच्या रहिवाशाचं कार्ड नवं करायचं, तर मागच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षं इथे हजर असायला हवं.

म्हणून सकाळपासून मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पासपोर्ट उघडून बसलो आहे. मुंबई विमानतळावरचे शिक्के कुणी जांभई देता देता मारल्यासारखे तिरके पडलेत. त्यांच्यावरून गैरहजेरी मोजायची आणि पुढे कारण लिहायचं. आईचं सगळं आजारपण ‘कौटुंबिक’ या एका शब्दात मावलं.

शेवटचा शिक्का ती गेल्यानंतरच्या अकराव्या दिवसाचा आहे. धाकटी बहीण म्हणाली होती, “दादा, तेराव्यापर्यंत तरी थांब रे.”

“माझे दिवस कमी पडतील गं. कार्ड जाईल.”

“बरं बाबा, जा. आईला सांगते, त्याला रजा मिळाली नाही म्हणून.”

तेराव्याची पंगत मी इथून फोनवर पाहिली. बहिणीने माझंही पान वाढलं होतं. त्यासमोरचा पाट रिकामा होता. इथे खिडकीबाहेर बर्फ पडत होता आणि मी नियमाप्रमाणे हजर होतो.

आज अर्जाच्या सूचना पहिल्यांदा नीट वाचल्या. निघाल्याचा आणि परतल्याचा दिवसही इथल्या हजेरीतच धरतात. मी ते सगळे गैरहजेरीत टाकले होते. पुन्हा मोजलं. हवे होते त्यापेक्षा सहा दिवस जास्त भरले.

जास्तीच्या दिवसांसाठी अर्जात रकाना नाही.