डाव्या सीटवरचे शिवरामभाऊ

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या कात्रपच्या सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे पुढच्या हकिकतीत माझं वागणं शोभणारं नसलं तर कोणी नवल करू नये. तशी ही हकिकत माझी नाहीच, शिवरामभाऊंची आहे. त्यांच्यामुळे मी आज धडधाकट बसून हे लिहिते आहे.

मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत प्रॉडक्शन ऑफिसर. चाळिशी उलटल्यावर मी जुनी, दोन दारांची, लाल स्पोर्ट्स कार घेतली. या वयात बायका योगाचा क्लास लावतात, असं नणंद म्हणाली. मी वर्षातून दोनदा ती गाडी ट्रेलरवर चढवून कोइमतूरजवळच्या ट्रॅकवर नेते, आणि दोन दिवस माझ्यावर कोणाचं ओझं नसतं. हे सुख ज्याने घेतलं नाही त्याला समजावता येत नाही, म्हणून मी समजावत नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिसऱ्या फेरीला, सरळ रस्ता संपताना, मी ब्रेकवर पाय दिला आणि पाय थेट तळाला गेला. गाडी वळणाबाहेरच्या खडीत जाऊन रुतली. मला खरचटलंसुद्धा नाही, पण माझा नवरा अनीश कठड्याजवळून सगळं पाहत होता. तो आवाज चढवणारा माणूस नाही. परतताना एवढंच म्हणाला, "या वेळी सोडून दिलं. पुन्हा ब्रेक गेला तर गाडी विकायची, आणि त्यावर भांडायचं नाही." मी कबूल झाले. भांडायला तोंडच नव्हतं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी उल्हासनगरातली स्पेअर पार्टची सगळी दुकानं पालथी घातली. एका सिंधी दुकानदाराने चहा पाजून मला ब्रेकच्या भोकं पाडलेल्या मोठ्या डिस्क आणि त्यांना चिमटीत धरणारे लालभडक कॅलिपर दाखवले. साईं, लोग देखते रह जाएंगे, असं तो म्हणाला. मी सगळं घ्यायच्या बेतात होते. मग त्यालाच काय वाटलं कोण जाणे, त्याने एका कागदावर अंबरनाथचा पत्ता लिहून दिला. आधी याला विचारा म्हणाला. त्याचेही आभार मानायला हवेत.

शिवरामभाऊ तेव्हा साठीला टेकले होते. बावीस वर्षं त्यांनी ब्रेक लायनिंग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीचं काम केलं. कारखाना बंद पडल्यावर पत्र्याची शेड घेतली आणि फक्त ब्रेकचीच कामं धरली. मी घ्यायच्या सामानाची यादी पुढे केली. त्यांनी ती वाचली, घडी घालून मला परत दिली आणि विचारलं की पाय तळाला गेला तेव्हा पायाखाली कडक लागत होतं की मऊ. मऊ, मी म्हणाले.

"मग डिस्कचा दोष नाही, मॅडम. ब्रेक ऑइल उकळलं," ते म्हणाले. "मोठी डिस्क लावून फोटो चांगला येईल."

मला राग आला, पण माणूस खरं बोलत होता. डिस्क मूळच्याच मापाच्या, फक्त कोऱ्या घातल्या. जास्त उष्णता सोसणारं ऑइल आणि डिस्कला घासून गाडी थांबवणारे, ट्रॅकचे पॅड आले. रबरी पायपांच्या जागी स्टीलची जाळी असलेल्या पायपा लागल्या, आणि पुढच्या बंपरमधून डिस्कपर्यंत वारा नेणारी दोन नळकांडी त्यांनी स्वतः बसवली. ऑइलमधली हवा काढताना पेडल दाबायला मलाच बसवलं. दाबा, धरा, सोडा, असं दीड तास. माझा पाय भरून आला. ज्याचा पाय ट्रॅकवर असणार त्यालाच ब्रेक कळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. शेवटी पेडल जिथे येऊन घट्ट थांबलं, तिथे ते म्हणाले, ही जागा लक्षात ठेवा.

त्यांचा आणखी एक नियम होता. काम झालं की पहिल्या फेरीला ते स्वतः डाव्या सीटवर बसत. बारवी धरणाकडच्या रिकाम्या रस्त्यावर सकाळी सहा वाजता मी वेग घेत होते, ब्रेक मारत होते, पॅड डिस्कला बसवून घेत होते, आणि शेजारी हा माणूस मांडीवर हात ठेवून देवळात बसल्यासारखा बसला होता. भीती नाही वाटत का, मी विचारलं. तेव्हा त्यांनी जुनी गोष्ट सांगितली. कारखान्यात असताना मालाचा एक लॉट तापवून बघण्याच्या परीक्षेत नापास झाला होता. ऑफिसर म्हणाला, सही कर. यांनी केली नाही. चार वर्षं पॅकिंगमध्ये खोकी बांधायला लावलं. "सही केली असती तर कोणाच्या गाडीत गेला असता तो माल, माहीत नाही," ते म्हणाले. "म्हणून आता मीच गाडीत बसतो." मीही ऑफिसरच.

जाताना त्यांनी बजावलं, चाक निघालं की परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. मला बोलवायचं.

खंडेनवमीला मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ट्रॅकचे टायर चढवायला घेतले. चारही चाकं काढली, तेवढ्यात कंपनीतून फोन आला आणि मी तासभर वर अडकले. खाली येऊन चाकं बसवली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि झेंडूचा हार दिसला. सासूबाईंनी, म्हणजे बनूबाईंनी, पूजा उरकली होती. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, नऊ वाजता ट्रेलर यायचा होता. संध्याकाळी शिवरामभाऊंचा फोन आला. आज चाकं निघाली होती का? मी हो म्हणताच येतो म्हणाले. मी खेकसले. नुसती चाकंच बदललीत, मी काही शिकाऊ नाही, सणाच्या दिवशी कशाला धडपडता, असं बरंच काही. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

दसऱ्याला सकाळी आठला ते स्कूटरवरून आले. पांढरा शुभ्र शर्ट, पांढरी पँट. त्यांच्या घरी हा धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस, विहारात जायचं होतं. पाच मिनिटांचं काम आहे म्हणाले. मी तोंड फुगवून उभी राहिले. ते पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसले, आऱ्यांमधून बोट घालून डिस्कवर फिरवलं, मग ते बोट नाकाशी नेलं.

"तिळाचं तेल आहे," ते म्हणाले. "जॅक आणा."

चारही डिस्कना तेल चोपडलेलं होतं. ट्रेलरवर चढण्यापुरता ब्रेक लागला असता, मला काही कळलं नसतं. ते तेल पॅडमध्ये मुरून मी पहिल्यांदा जोरात ब्रेक मारला असता तो कोइमतूरला, त्याच सरळ रस्त्याच्या शेवटी. माझं डोकं तापलं. कोणी केलं हे, म्हणून मी असा आवाज लावला की तिसऱ्या मजल्यावरून सासूबाई खाली आल्या.

त्या कर्जतकडच्या. माहेरी नवमीला कोयते, विळे, नांगराचा फाळ धुऊन तेल लावल्याशिवाय पूजेला ठेवत नसत. नवीन चकचकीत लोखंड उघडं दिसलं, सुनेच्या जिवाचं काम आहे म्हणून त्यांनी चारही डिस्कना मायेने तेल लावलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शिवरामभाऊ उठून मध्ये आले.

"आजी, रीत तुमची बरोबर आहे," ते म्हणाले. "कोयत्याला लावतातच. याला फक्त कोरडं ठेवायचं. घरात स्वच्छ सुती कापड आहे का?"

सासूबाई वर गेल्या आणि स्वतःची धुवट सुती साडी घेऊन आल्या. तिथेच टराटरा फाडली. तेल मी लावलं, पुसणार पण मीच, म्हणाल्या आणि स्टूल घेऊन बसल्या. शिवरामभाऊ ब्रेक क्लीनर फवारत होते, एकेक पॅड काढून उजेडात बघत होते, आणि त्या पुसत होत्या. पांढऱ्या बाहीला काळे डाग पडत गेले. मी ट्रेलरवाल्याला थांबवून धरलं. अकराच्या सुमाराला मी गाडी बाहेर काढली. शिवरामभाऊ डाव्या सीटवर बसले, मांडीवर हात ठेवून. पेडल त्याच जागी येऊन घट्ट थांबलं.

कोइमतूरला मी दोन दिवसांत चाळीस फेऱ्या मारल्या. सरळ रस्त्याच्या शेवटी प्रत्येक वेळी पाय टाकला आणि प्रत्येक वेळी गाडी थांबली. अनीशने शेवटच्या दिवशी कठड्याजवळून हात केला. संध्याकाळी शिवरामभाऊंचा फोन आला. त्यांनी एकच विचारलं, पाय कुठपर्यंत गेला?

"तुम्ही दाखवलात तिथपर्यंतच."

"मग ठीक," म्हणाले आणि ठेवला.

परत आल्यावर मी आणि सासूबाई नवा पांढरा शर्ट घेऊन त्यांच्या घरी गेलो. ते शेडवर होते. त्यांच्या पत्नी गंगूताईंनी चहा केला, आणि बोलता बोलता कळलं की दसऱ्याला दहा वाजता विहारात त्यांच्या मैत्रेयीचं भाषण होतं. लॉ कॉलेजातली मुलगी, पहिल्यांदाच माइकसमोर उभी राहिली होती. बाबांसाठी पहिल्या रांगेत धरून ठेवलेली खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. ते पोहोचले तेव्हा सतरंज्या गुंडाळत होते. आमच्या पार्किंगमध्ये तीन तासांत त्यांनी याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. वर मी तोंड फुगवून उभी होते.

मैत्रेयी दारातच उभी होती. मी तिची माफी मागू लागले.

"काकू, तुम्ही नका मनाला लावून घेऊ," ती म्हणाली. "मी पण चिडले होते. बाबा म्हणाले, तुझं भाषण पुढच्या वर्षी ऐकता येईल."

यंदाच्या दसऱ्याला गाडी झाकून ठेवली. विहारात पहिल्या रांगेत शिवरामभाऊ बसले होते, अंगात तो नवा शर्ट. त्यांच्या शेजारी सासूबाई आणि मी. मैत्रेयी बोलायला उभी राहिली आणि शिवरामभाऊंनी मांडीवर हात ठेवले.