ब्रेकमास्तरांची दोन बोटं

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला लोक ब्रेकमास्तर म्हणणार, दुसरं काय म्हणणार! पण मास्तरांची खरी करामत पायात नव्हती, बोटांत होती. उजव्या हाताची दोन बोटं ते स्टिअरिंगच्या खालच्या कडेला अशी अलगद टेकवून ठेवत की शिकणाऱ्याला पत्ताही लागत नसे. गाडी फुटपाथकडे सरकली की बोटं हलकासा रेटा देत, गाडी जागेवर येई, आणि शिकणारा खूश होऊन ओरडे, "जमलं की सर!" मास्तर म्हणत, "जमणारच." असं पंधरा-वीस दिवस जमलं की तो परीक्षेला जाई. तिथे परीक्षक दोन्ही हात फायलीवर ठेवून शेजारी बसलेला असे, आणि निम्म्या लोकांची पहिल्याच वळणावर दांडी गुल होई. यावर मास्तरांचं ठाम मत होतं की परीक्षक खडूस आहे. चौतीस वर्षांत सहा परीक्षक बदलले. सहाच्या सहा खडूस निघाले.

ही बोटांची गोष्ट मास्तरांनी कुणाला सांगितली नव्हती. लपवायची म्हणून नव्हे, तर बोटं तिथे असतात हे हळूहळू त्यांच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

त्यांची बायको इस्पितळात एक्स-रे काढायची. "हलू नका, श्वास धरा," हे दिवसातून साठ वेळा म्हणून तिच्या आवाजाला अशी जरब आली होती की उतू जाणाऱ्या दुधाला तिने तसं म्हटलं असतं तर दूधही थांबलं असतं. हिला मास्तरांनी एकदा गाडी शिकवायला काढलं होतं. लग्नाचं दुसरं वर्ष, नोकरीचंही नुकतंच तिसरं लागलेलं, अंगात विद्या मावत नव्हती. घरापासून चौथ्या चौकापर्यंत मास्तरांचं तोंड बंद झालं नाही. "सोड, सोड, अगं सोड म्हणतो ना! आता धर! कुठे बघतेस?" चौथ्या चौकात तिने भर रस्त्यात गाडी थांबवली, किल्ली काढून मुठीत घेतली आणि उतरून घरचा रस्ता धरला. तिची एक चप्पल क्लचखाली अडकली होती. ती काढायलाही थांबली नाही. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशी ती तरातरा निघून गेली. मागे गाड्यांची रांग लागली आणि मास्तर किल्ली नसलेल्या गाडीत आपल्या खास ब्रेकवर पाय दाबून बसले.

त्यानंतर अकरा दिवस अबोला होता. मग तो संपला, आणि गाडीचा विषय जो बंद झाला तो झालाच. पुढे मास्तरांनी मात्र हा चपलेचा किस्सा चारचौघांत रंगवून रंगवून सांगितला. लोक पोट धरून हसत. बायको तेवढ्यात नेमकी पाणी आणायला उठलेली असे.

आता मास्तर निवृत्त व्हायला महिना राहिला होता. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी स्कूलकडे परत जाणार होती. आणि नेमकी त्याच सुमारास, डोंगरापलीकडे एकटी राहणारी बायकोची थोरली बहीण पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तिकडे जाणारी एकुलती एक बस बंद झाली. बायको एकदाच बोलली, "मला दर शनिवारी ताईकडे जायचंय. गाडी घेऊ या."

मास्तरांनी याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. आपण नेऊ, आपण आणू. स्वतः स्टिअरिंगमागे बसून किती वर्षं झाली, हा हिशेब त्यांनी केला नाही. सकाळचा पहिला विद्यार्थी त्यांना घरून घ्यायचा आणि संध्याकाळचा शेवटचा दारात सोडायचा. अख्खं शहर त्यांनी शेजारच्या सीटवरूनच पाहिलं होतं.

गाडी मिळाली ती एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची. आठ वर्षांची, निळी, आतून इतकी स्वच्छ की बसताना तोंड उघडावंसं वाटावं. बाई स्वभावाने सरळ होत्या. दवाखान्याखाली उभ्या उभ्याच त्यांनी सांगून टाकलं.

"सर, लपवत नाही. गाडी डावीकडे ओढते. हात जरा सैल सोडला की निघालीच फुटपाथकडे."

"बघू की," मास्तर म्हणाले, आणि सवयीने शेजारचं दार उघडून आत बसले. बाई क्षणभर दाराशीच थांबल्या. गाडी घेणारा माणूस चालवून बघतो अशी त्यांची समजूत होती. मग त्याच निमूट स्टिअरिंगवर बसल्या.

गाडी निघाली ती सुतासारखी सरळ. बाजारातून गेली, पुलावरून गेली, इस्पितळाला वळसा घालून परत आली. बाई चकित. "आज कशी काय नाही ओढली?"

"मॅडम," मास्तर दयाळूपणे म्हणाले, "गाडीत काही नाही. दोष तुमच्या हातात आहे. तुम्ही उगाच घट्ट धरता."

दोष सांगणारा विकणारा आणि तो नाकारणारा घेणारा, अशी जोडी त्या रस्त्याने पूर्वी पाहिली नसेल. घरी येऊन मास्तरांनी निकाल दिला. "गाडी एक नंबर आहे. बाईंना चालवता येत नाही, एवढंच."

"मी बघते," बायको म्हणाली.

"तू काय बघणार?"

"रविवारी जाऊ," ती म्हणाली.

रविवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी किल्ली दिली आणि त्या मागे बसल्या. मास्तर सवयीने शेजारी बसले. बायकोने गाडीला फेरी मारली, चारही टायर पाहिले, आणि सरळ स्टिअरिंगमागे येऊन बसली. मास्तरांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत तिने पर्समधून एक कार्ड काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. लायसन्स होतं. फोटो तिचाच. तारीख चार वर्षांपूर्वीची.

"कुणी शिकवलं?" मास्तरांचा आवाज चिरका झाला.

"स्टेशनजवळच्या क्लासवाल्याने."

"तो च्युइंगमवाला? तो तर सारखा मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेला असतो!"

"म्हणूनच शिकले. पहिल्या फटक्यात पास झाले." तिने पट्टा लावला. "आता हात मांडीखाली घ्या."

"कशाला?"

"घ्या म्हणते ना. हलू नका. श्वास धरा."

मास्तर आपल्याच हातांवर बसले. गाडी निघाली आणि शंभर पावलांत निमूटपणे डावीकडे सरकू लागली, दुकानाबाहेर मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या दिशेने. मास्तरांचा पाय नसलेल्या ब्रेकवर धाडकन आपटला. मागून डॉक्टरीणबाई आनंदाने ओरडल्या, "बघा! बघा! मी सांगत नव्हते?" बायकोने शांतपणे गाडी सरळ केली. पुन्हा सैल सोडली. पुन्हा गाडी खुर्च्यांकडे.

"आता हात काढा," बायको म्हणाली, "आणि नेहमी बसता तसे बसा."

मास्तरांनी हात काढला. तो आपणहून, घरच्या खुंटीवर जावा तसा, स्टिअरिंगखाली गेला. दोन बोटं टेकली. गाडी सरळ.

पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंना हसू आलं, पण आरशात मास्तरांचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं. मास्तरांचे कान लाल झाले होते. त्यांच्या डोळ्यांसमोर डॉक्टरीणबाई नव्हत्या, गाडी नव्हती. सहा परीक्षक होते, फायलीवर हात ठेवलेले. आणि चौतीस वर्षांचे ते सगळे लोक, "जमलं की सर!" म्हणणारे. त्या सहांपैकी एकही खडूस नव्हता. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी गॅरेजला नेली. गॅरेजवाला मास्तरांचाच जुना विद्यार्थी होता, परीक्षेत तीनदा आपटलेला. गाड्यांची आतडी काढून परत बसवणारा हा माणूस चौथ्या खेपेला कसाबसा पास झाला होता. तो गाडीखाली शिरला, ठोकाठोक केली आणि खालूनच बोलू लागला.

"चाक वळवणारा दांडा वाकलाय सर. एक रबरही गेलंय. कुठेतरी फुटपाथवर चढवली असणार."

"मीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी. आईला घेऊन जात होते."

"बाकी सांगाडा ठणठणीत आहे. अपघात नाही, गंज नाही. दुपारपर्यंत सरळ करून देतो." तो बाहेर आला, हात पुसत पुसत मास्तरांकडे पाहून हसला. "गंमत सांगू सर? तुमच्या शेजारी बसून मला कधी कळलंच नाही, गाडी कुठे ओढते ते. परीक्षेतच कळायचं."

तो बिचारा सहज बोलला. मास्तरांनी बायकोला बाजूला घेतलं. जुन्या टायरांच्या ढिगामागे उभे राहून ते घाईघाईने म्हणाले, "हे बघ, एवढं उघडायला कशाला सांगायचं? आहे तशीच घेऊ. मी असेनच दर शनिवारी शेजारी. दोन बोटं लावली की झालं."

"आणि ज्या शनिवारी तुम्ही नसाल?"

"मी कुठे जाणार आहे? निवृत्त माणूस!"

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं, फिल्म उजेडापुढे धरून पाहते तसं. "तुम्हाला गाडी नकोय," ती म्हणाली. "तुम्हाला ओढणारी गाडी हवीय. सरळ चालली तर तुमचं काय काम, ही भीती वाटतेय तुम्हाला."

मास्तरांना संताप आला. तो खरं ऐकल्याचा होता, त्यामुळे कुणावर काढावा ते कळेना. एका टायरला लाथ मारून झाली. पाय दुखला. भीती वाटत होती, हे तर खरंच होतं. महिन्याभराने या बोटांचं करायचं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण ताई तिकडे काठी धरून खिडकीशी बसलेली होती. मास्तरांना एखाद्या शनिवारी ताप आला, पाठ धरली, तर ही बाई वाकड्या गाडीने एकटीच डोंगर चढणार होती. ती थांबणाऱ्यातली नव्हती. चौथ्या चौकातही थांबली नव्हती.

मास्तर लंगडत गॅरेजवाल्याकडे गेले. "गाडी घेतोय," ते म्हणाले. "आधी सरळ कर. अगदी सरळ. माझा हात लागायला नको."

पहिल्या शनिवारी बायकोने ताईसाठी डबा भरला, धुतलेल्या चादरी मागच्या सीटवर ठेवल्या आणि गाडी काढली. मास्तर शेजारी बसले, हात मांडीखाली. कुणी सांगितलं नव्हतं. गाडी सरळ चालली होती. पहिला चौक गेला, दुसरा गेला. मास्तरांनी "गिअर" एवढा एक शब्द तोंडापर्यंत आणला आणि गिळला. पाय तेवढा दर वळणावर चटई दाबत होता. पायाला कोण समजावणार!

चौथ्या चौकात लाल दिवा लागला. बायकोने गाडी थांबवली, हात मांडीवर ठेवले. ती पुढेच पाहत होती. त्या चौकाबद्दल ती बत्तीस वर्षांत एक शब्द बोललेली नव्हती, आताही बोलली नाही. पण तिचे खांदे वर चढले होते. शेजारी बसून चौतीस वर्षं मास्तरांनी माणसांचे खांदेच तर वाचले होते. शेजारचा माणूस आता काय बोलणार, या धास्तीने चढलेले खांदे त्यांना अंधारातही ओळखता आले असते.

मास्तरांनी पट्टा सोडला आणि दार उघडलं.

"अहो, कुठे निघालात?"

"तू जा. ताईला विचारलं म्हणून सांग. मी जातो चालत."

"हे काय आता मध्येच? बसा ना."

"अगं, दिवा पडला हिरवा. मागचे ओरडतील," मास्तर म्हणाले आणि दार लावून फुटपाथवर चढले.

गाडी पुढे गेली, डोंगराकडच्या वळणावर एक क्षण हळू झाली, नीट वळली आणि दिसेनाशी झाली. मास्तरांची दोन बोटं हवेत जराशी वळली. त्यांनी ती खिशात घातली आणि घरचा रस्ता धरला. त्या रस्त्याने ते हजारो वेळा गेले होते, पण बसून. मध्ये चढ होता, हे त्यांना नव्याने कळलं. खडी उखडलेली होती, ऊन वर आलं होतं. तिसऱ्या चौकापाशी त्यांना दम लागला, दुसऱ्यापाशी टाच दुखू लागली, आणि पहिला चौक आला तेव्हा ते एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. घर अजून दिसतही नव्हतं. हे सगळं अंतर ती त्या दिवशी चालून आली होती. मास्तरांनी आपल्या पायांकडे पाहिलं. त्यांच्या तर दोन्ही पायांत चपला होत्या.