चार वाक्यांचं भांडण

कारखान्यात तिला सगळे कॉलरवाली म्हणत, कारण एकोणीस वर्षं तिनं फक्त शर्टाच्या कॉलरी शिवल्या. बाही दुसरीची, खिसा तिसरीचा. अख्खा शर्ट काही तिच्या हातून कधी पुरा झाला नाही. गोष्ट मात्र अथपासून इतिपर्यंत तिची एकटीची.

मशीनच्या पोटातली दोऱ्याची बॉबिन वीसेक मिनिटं पुरायची. ती संपायच्या आत गोष्ट सुचलीच पाहिजे, असा तिचा स्वतःशीच करार. मग जेवणाच्या सुट्टीत वहीत उतरवणं, आणि मग खरं काम, छाटणं. आधी तिच्या गोष्टी मारुतीच्या शेपटासारख्या लांबत. पुढे कळलं, ज्या वाक्यावाचून अडत नाही ते काढून टाकायचं. काढलं की उरलेली वाक्यं ताठ बसत, आणि हिच्या अंगावर मूठभर मांस चढे.

त्यातली सगळ्यात जमलेली ही:

‘मुक्या नवरा-बायकोचं हातवाऱ्यांनी भांडण जुंपलं. तिचं बोलणं दिसू नये म्हणून त्यानं दिवा मालवला. तिनं चाचपडत त्याचा हात शोधला. उरलेलं भांडण तिनं त्याच्या तळव्यावर लिहून काढलं.’

शेजारच्या मशीनवरच्या काजवालीला तिनं ती ऐकवली.

“पुढे?”

“पुढे काही नाही. संपली.”

“ही कसली गं संपायची तऱ्हा!” काजवाली फणकारली आणि काजं करू लागली.

दोन महिन्यांनी कारखान्याची स्मरणिका निघायची होती. आपल्या नावाखाली आपलं काहीतरी सबंध छापून येणार, या आनंदात हिनं गोष्ट लेकीकडे टाइप करायला दिली. लेक कॉलेजात शिकवायची.

“आई, एवढुशीच? लोक म्हणतील, पानभरसुद्धा जमलं नाही.”

“पानभरच होती. पंधरा दिवस खपून एवढुशी केली.”

“बरं बाई, तुझं ते खरं!”

स्मरणिका निघाली. गोष्ट पानभर. चार वाक्यांखाली नवरा ढसाढसा रडत होता, सकाळचं ऊन आत येत होतं, दोघं एकमेकांना माफ करत होती. आणि शेवटी तात्पर्य: प्रेमाला भाषा लागत नाही. प्रकाशनाच्या समारंभात मॅनेजरसाहेबांनी तेवढंच माइकवरून वाचलं.

“हे गं काय केलंस?” घरी येऊन तिनं लेकीला विचारलं.

“थोडं फुलवलं. टाळ्या पडल्या ना?”

“पडल्या. तुझ्या ओळींना.”

“तुझं हसू होऊ नये म्हणून केलं ना मी! केल्याचं काहीच नाही तुला.”

आता लेकीला काय सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दुसऱ्या दिवशी काजवाली हसतच आली. “बरं झालं बाई, त्यांचं जुळवलंस. माझ्या जिवाला नुसता घोर लागला होता.”

“कसला?”

“कसला काय? भाजी निवडताना, केस विंचरताना, सारखं आपलं तेच. काय लिहिलं असेल गं तिनं त्याच्या हातावर? त्यानं हात ओढून घेतला असेल का? एकदा तर नवऱ्याशी भांडता भांडता मधेच गप्प झाले, त्याचा हात बघत बसले.”

कॉलरवालीचा पाय पेडलवरून निघाला. “कधीपासून?”

“तू सांगितलीस तेव्हापासून. चांगले दोन महिने.”

“मला बोलली नाहीस कधी.”

“त्यात काय बोलायचं? आता सुटले. काल वाचली, नि रात्री जी गाढ झोपले म्हणतेस! आता आठवतसुद्धा नाही.”