बाईंच्या घरचं मीठ

"तुमच्यात तर या वयात पोरींची लग्नं होतात. आणि तुला हे माहीत नाही? नाटकं करू नकोस."

बाई हसत हसत म्हणाल्या. स्वयंपाकघरात त्यांच्या जावा बसल्या होत्या, त्याही हसल्या. मी दारात उभी. परकर मागून रक्तानं भिजलेला. मी एवढंच विचारलं होतं, "बाई, मी मरणार का?"

मी सातवीत होते. वडिलांनी डोंगरातल्या घाटघरहून आणून मला शिकायला जुन्नरला बाईंच्या घरी ठेवलं होतं. बाई शाळेत शिकवायच्या. त्या दिवसानंतर दर महिन्याला माझं अंथरूण मागच्या पडवीत. ताट वेगळं. उत्तर मात्र कुणी दिलं नाही. ते कॉलेजात, पुस्तकातल्या आकृतीत सापडलं.

तरी बाईंचा राग आला की मलाच अपराधी वाटायचं. त्यांनी मला घरात घेतलं. पहाटे उठवून गणितं करून घेतली. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, ती त्यांच्यामुळे. हे खोटं नाही.

आता मी शाळाशाळांत जाऊन मुलींशी आरोग्यावर बोलते. परवा बाईंच्याच शाळेत गेले. त्या आता मुख्याध्यापिका आहेत. वर्गाबाहेर त्यांनी बजावलं, "स्वच्छतेवर बोल. बाकीचं नको. डोंगरातल्या पोरींना ते शिकवावं लागत नाही."

मी म्हणाले, "हो बाई." डोंगरातलीच मी.

हात कसे धुवायचे, पॅड कधी बदलायचं, सगळं सांगून झालं. मागच्या बाकावरची आठवीतली एक मुलगी मान खाली घालून बसली होती. शेजारची म्हणाली, "ताई, ही डबाच खात न्हाई. नुसती रडती."

ती उठली. "ताई, जीपमदी लई गर्दी व्हती. एका पोराला चिटकून बसावं लागलं. आता पाळी आली न्हाई. दिवस गेलं आसतील का? घरी कळलं तर शाळा बंद करत्याल."

वर्ग हसला. खिडकीपाशी खुर्चीवर बसलेल्या बाईही हसल्या. "बघ. म्हटलं नव्हतं?"

तेच हसू. ती पोर तशीच उभी, जशी मी दारात होते.

मी खडू उचलला. फळ्यावर गर्भाशय काढलं.

"नाही गं. शेजारी बसून दिवस जात नाहीत. या वयात पाळी मागंपुढं होते. दिवस कशानं जातात तेही सांगते." सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. कुणी नको तिथं हात लावला तर गुन्हा त्याचा, तुमचा नाही, हेही सांगितलं. हसू थांबलं होतं.

बाई उठल्या. "माझ्या घरचं मीठ खाल्लंस ना गं? असं फेडलंस? पुन्हा या शाळेत पाय ठेवू नकोस."

"खाल्लंय बाई. विसरले नाही," मी म्हणाले, आणि फळ्याकडे वळून उरलेलं पुरं केलं.

निघताना पाहिलं, त्या पोरीनं डबा उघडला होता. भाकरी मोडून खात होती.

रात्री झोप लागली नाही. बाईंचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. अजून हलत नाही. उपकार माझ्यावर आहेत, ते मी जन्मभर वागवीन. पण ते फेडायला या पोरींची तोंडं बंद करणार नाही. शाळेचं दार लागलं, तर मी गावातल्या देवळाच्या ओट्यावर फळा मांडीन. बाई आल्याच, तर उठून त्यांच्या पाया पडेन.

आणि पुन्हा खडू उचलीन.