धोंडिरामचा जुना नट

साकीनाक्याच्या धोंडिराम मिस्त्रीचा एक शिरस्ता होता. चाकाचा नट पिळला की त्यावर तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचं बोट टेकवायचं, आणि सगळ्या नटांवर पांढरे ठिपके दिसल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

चौऱ्याऐंशी साली एका दुपारी राजारामची टॅक्सी ब्रेक दुरुस्त होऊन गेली आणि धोंडिरामला ताटलीत चाकाचा एक नट पडलेला दिसला. म्हणजे राजारामच्या चाकाला एक नट लावायचाच राहिला! राजाराम मालाडच्या स्टँडवर उभा राहायचा. धोंडिरामने सायकल काढली आणि स्वतःलाच शिव्या घालत थेट मालाड गाठलं.

टॅक्सी स्टँडवरच होती. त्याने चारही चाकं चाचपली. एकूण एक नटावर ठिपका होता.

"अरे, एकाचे आटे गेले म्हणून तूच नवा लावलास ना," राजाराम म्हणाला.

धोंडिराम तिथेच फूटपाथवर बसला आणि पोटभर हसला.

त्या दिवसापासून काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात दिल्याशिवाय तो गाडी सोडेना. लोक म्हणत, मिस्त्री भारी प्रामाणिक. तो खेकसायचा, "प्रामाणिक कसला, पुन्हा मालाडपर्यंत पायडल मारायची ताकद नाही माझ्यात."