वुर्यानीची आठशे पाकिटं

आमच्या जावा बेटावरच्या सोलो शहरात कुणी चहा विचारला, की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप" म्हणायचं. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. पहिल्या हाकेला कप उचलणारा एक तर परगावचा, नाही तर घरचं वळण नसलेला. माझी शेजारीण वुर्यानी या बाबतीत अख्ख्या गल्लीच्या वरताण. तिला चौथ्यांदा आग्रह करावा लागतो.

तेवीस वर्षं ती एका बाटिकच्या कारखान्यात कापडाच्या घड्या घालत होती. नवरा आधीच गेलेला, लेक लग्न होऊन जकार्ताजवळ बेकासीला. कारखाना बंद पडला आणि बावन्नाव्या वर्षी बाईने घरात कराक करायला घेतले. कराक म्हणजे भाताचे पापड. सगळे त्यात खार घालतात, हिला तो घालायचा नव्हता. खाराशिवाय ते फुलेनात. दीड वर्ष तिने आम्हाला दगडासारखे कराक खायला घातले आणि आम्ही "छान झालेत हो" म्हणत खाल्ले, कारण आम्हीही इथलेच. मग एके दिवशी ते खरोखरच फुलले.

पण गल्लीतल्या चार दुकानांवर धंदा कितीसा चालणार? लेक फोनवर म्हणाली, "आई, पुरे झाला तो उद्योग. ईद झाली की घर भाड्याने देऊ. तू इकडे ये, बाळाला सांभाळ." वुर्यानी म्हणाली, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही. बेकासीत राहून लेक ते विसरली असावी, कारण तिने भाडेकरू शोधायलाही घेतला. वुर्यानीला जायचं नव्हतं. एक मोठं गिऱ्हाईक मिळालं तर राहता येणार होतं, नाही तर सामान बांधायचं.

तेवढ्यात नव्या उद्योजकांचा मेळावा ठरला, एका हॉटेलात. बाहेरगावचे व्यापारी येणार होते. मी सोबत गेले, नाही तर ही दारातूनच परत आली असती.

आत शंभरेक माणसं, प्रत्येकाच्या छातीवर नावाची चिठ्ठी. तरुण पोरं एकमेकांना हुडकून हुडकून बोलत होती. वुर्यानीने शंभर कार्डं छापून आणली होती. तासाभरात तीन गेली. त्यातलं एक तिने दोन्ही हातांनी, वाकून, पाणी वाटणाऱ्याला दिलं.

मग आमच्या टेबलाशी पाक हुताबारात आले. पुरुषाला मानाने पाक म्हणायचं, बाईला बू. सुमात्रातल्या मेदानचे, बटाक जमातीचे गृहस्थ, जकार्तात खाऊची बारा दुकानं. बटाक माणसाचं पोटात एक आणि ओठात एक असं नसतं. उभ्या उभ्या कराक तोंडात टाकला, दुसरा टाकला.

"हे तुम्ही केलेत, बू?"

"कसले हो, पाक. आपले साधेच, गावठी."

"खार नाही घातला?"

"छे, मला कुठलं काय येतंय."

"महिन्याला हजार पाकिटं द्याल?"

वुर्यानी गोड हसून म्हणाली, "अहो, माझ्यासारखीला कुठलं जमायला!"

आमच्यातला कुणी असता तर म्हणाला असता, "असं कसं, तुम्हालाच जमणार!" मग हिने आणखी दोनदा नाही म्हटलं असतं आणि व्यवहार झाला असता. पण पाक हुताबारात म्हणाले, "बरं, हरकत नाही," आणि पुढच्या टेबलाशी गेले. वुर्यानी तशीच हसत बसली होती. तिला वाटत होतं, परत विचारतील.

"म्बाक," मी म्हटलं (थोरलीला आम्ही म्बाक म्हणतो, धाकटीला दिक), "तो गेला."

"येईल गं, दिक. एकदाच कुणी विचारतं का?"

"तो बटाक आहे! तू 'नाही' म्हणालीस, त्याने 'नाही'च ऐकलं. बस आता बेकासीला दुपटी धूत."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. तिचं हसू गेलं. ती उठली. जेवणाच्या रांगेत पाक हुताबारात भात वाढून घेत होते, तिथे जाऊन उभी राहिली. मी मागोमाग.

"पाक, मघाशी मी नाही म्हणाले. ते खरं नव्हतं."

"खरं नव्हतं? मग म्हणालात कशाला?"

"आमच्यात तसं म्हणतात."

त्यांनी ताट खाली ठेवलं. "बू, मी सकाळपासून वीस जणांना विचारलं. निम्मे नाही म्हणाले. ते सगळे खोटंच बोलले की काय?"

"बहुतेक," वुर्यानी म्हणाली.

ते इतक्या जोरात हसले की रांग वळून बघायला लागली. वुर्यानी कानापर्यंत लाल. "मग देणार हजार पाकिटं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

मी कपाळावर हात मारला.

"हजार नाही जमणार," ती म्हणाली. "ऊन मिळालं तर आठशे. हे 'नाही' मात्र खरं आहे. तीनदा विचारलंत तरी हेच सांगेन."

त्यांनी वहीत आठशे लिहिलं आणि कार्ड मागितलं. तिने ते एका हाताने दिलं. गडबडीत, पण दिलं.

रिक्षातच लेकीचा फोन आला. भाडेकरू मिळाला होता, नवराबायको, सज्जन माणसं. "कधी येतेस, आई?"

वुर्यानीने माझा हात धरला. चांगलाच आवळला.

"मी येणार नाही."

लेक म्हणाली, "म्हणजे बघू ना?"

"बघू नाही गं. नाही."

फोन ठेवल्यावर ती रडायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा पोटच्या पोरीला सरळ नाही म्हणाली होती. "किती वाईट वाटलं असेल तिला," म्हणाली. मी म्हटलं, "वाटलंच असेल." समजूत घालायला दुसरं काही सुचलं असतं, पण ते खरं नसतं.